क्रिकेट आणि कॉमर्स एकत्र : माटुंग्याचे पोदार महाविद्यालय

मुलगा वेगवान गोलंदाज, आणि बारावीनंतर सीए करण्याचाही हट्ट. त्यामुळे महाविद्यालय निवडताना आम्ही केवळ कट-ऑफची यादी पाहिली नाही. १९४१ मध्ये सुरू झालेले माटुंग्याचे पोदार महाविद्यालय वाणिज्य शाखेसाठी नावाजलेले आहे, आणि दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर यांच्यासारखे कसोटीपटू तिथलेच विद्यार्थी, हे मुंबईच्या क्रिकेटवेड्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही भिंतीवरच्या जुन्या नावांना भुलू नये. खरा प्रश्न हजेरीचा असतो. विद्यापीठाची ७५ टक्के उपस्थितीची अट खेळाडूलाही लागू आहे, आणि स्पर्धेसाठी बुडालेल्या तासांचा हिशेब कोण, कसा ठेवतो यावर वर्ष तरते किंवा बुडते. भाच्याच्या महाविद्यालयात (नाव घेत नाही) सामन्याचे पत्र कार्यालयात तीनदा हरवले आणि शेवटी त्याचे नाव काळ्या यादीत लागले. म्हणून प्रवेशापूर्वी क्रीडा विभागात जाऊन हे स्पष्ट विचारावे.

पोदारच्या बाजूने सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे जागा. दडकर मैदान जवळ आणि माटुंगा स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने सकाळी नेट्स आटोपून, बुटांची माती तशीच ठेवून, किटबॅग बाकाखाली सरकवत मुलगा अकाउंट्सच्या तासाला बसतो. बॅडमिंटन किंवा जलतरणाच्या खेळाडूने मात्र सरावाच्या जागेचे गणित स्वतंत्रपणे मांडावे.