नवऱ्याचा २५ मिनिटांचा ऑनलाइन इंग्रजी क्लास : ८ महिन्यांनंतर लिहितेय

माझा नवरा जपानी आहे, वय ४६, टोकियोजवळ एका कंपनीत व्हॉल्व्हच्या डिझाइनमध्ये आहे. टोइकचा (इथल्या कंपन्या बघतात ती इंग्रजीची परीक्षा) स्कोअर ७८५. ९९० पैकी ७८५ म्हणजे इथे चांगलाच समजतात, आणि तरी मागच्या वर्षी चाकणच्या सप्लायरबरोबर पहिला कॉल झाला त्या रात्री हा माणूस जेवताना एक शब्द बोलला नाही. झालं असं की तो व्हॉल्व्हबद्दल सांगत होता आणि तिकडच्या इंजिनिअरला बल्ब ऐकू येत होतं. जपानीत व्हॉल्व्हला "बारुबु" म्हणतात, इतकी वर्षं रोज तोंडात तोच शब्द, कॉलवर पण तोच बाहेर पडला. तिकडून दोनदा "विच बल्ब, सर?" आलं आणि मग याने बोलणंच सोडलं, सगळं चॅटवर टाईप करून पाठवलं. टाईप केलेलं इंग्रजी एकदम करेक्ट!

तेव्हापासून क्लास शोधायला लागलो. ज्यांच्या घरी किंवा ऑफिसात जपानी माणसं आहेत अशा आपल्या लोकांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय. दोन क्लास केले, दोन्हींबद्दल तक्रारी आहेत म्हणून नावं लिहीत नाही.

आधी टोइकबद्दल, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं एवढा स्कोअर असून बोलता कसं येत नाही. कंपन्या जी परीक्षा धरतात ती ऐकणं आणि वाचणं एवढ्याचीच, २ तासांत २०० प्रश्न आणि उत्तराचे गोल काळे करायचे, तोंड उघडायचं कामच नाही. बोलण्याची वेगळी परीक्षा २००६ पासून आहे पण याच्या ऑफिसात ती दिलेला एकही जण नाही. त्यात याच्या पिढीचं इंग्रजी सातवीत सुरू झालं (आता २०२० पासून पाचवीतच विषय म्हणून असतं) आणि शिकवायचे ते भाषांतर करून. वाक्याच्या शेवटापासून मागे मागे येत शब्द जपानी क्रमात लावायचे, याच्या जुन्या पुस्तकात शब्दांच्या खाली पेन्सिलीने १, २, ३ लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. वाचायला ठीक आहे हो, पण समोरचा बोलत असताना कोण मागे मागे जाणार?

पहिला क्लास स्टेशनजवळचा होता. ४० तासांचं पॅकेज, जवळजवळ ३ लाख येन, सगळे आधी भरायचे. खोली छान, कॉफी छान, शिक्षक हसतमुख, पण एका तासात चार विद्यार्थी, आणि मी एकदा नवऱ्याला विचारलं की आज तू स्वतः किती बोललास तर म्हणाला, सहा-सात मिनिटं. उरलेला वेळ पुस्तकातले संवाद वाचणं आणि बाकीच्यांचं ऐकणं. १२ तासांनंतर सोडायचं ठरवलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली पैसे परत मिळायला अवघड आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, भाषेच्या क्लासचा करार २ महिन्यांपेक्षा मोठा आणि ५० हजार येनच्या वर असेल तर कागद मिळाल्यापासून ८ दिवसांत काही कारण न देता रद्द करता येतो, आणि त्यानंतर पण मध्येच सोडता येतो, कायदाच आहे. आम्ही कायद्याचं नाव घेतल्यावर उरलेल्या तासांचे पैसे थोडी कपात करून मिळाले. २००७ साली नोव्हा नावाची इथली इंग्रजी क्लासची सगळ्यात मोठी साखळी बुडाली तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या लोकांचे तास तसेच अडकले होते. म्हणून सांगते, कितीही गोड बोलले तरी वर्षाचे पैसे एकदम भरू नका.

मग हा ऑनलाइनवाला. महिन्याला साडेसात हजार येन, रोज २५ मिनिटं, समोर एकच शिक्षक, बहुतेक सगळे फिलिपिन्सचे. आम्ही सकाळी साडेसहाचा स्लॉट घेतला. तिकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, शिकवणाऱ्या बाईंच्या मागे कोंबडा ओरडलेला आम्हाला रोज ऐकू यायचा.

पहिले दोन आठवडे मला बघवत नव्हतं, खरंच. हा टेबलापाशी हेडफोन लावून बसायचा, पुढे वही, प्रश्न आला की आधी वहीत अख्खं वाक्य लिहायचा, मग खोडायचा, मग वाचून दाखवायचा. मी ओट्यापाशी डबा भरत उभी आणि घरात नुसता फ्रीजचा आवाज. बाई बिचाऱ्या त्या शांततेत स्वतःच बोलून टाकायच्या, म्हणजे परत याचं बोलणं राहिलंच.

तिसऱ्या आठवड्यात मी वही उचलून कपाटात ठेवली. आणि त्याला म्हटलं की रोज नवीन शिक्षक घेऊ नकोस, याच बाईंना धर आणि पहिल्याच मिनिटाला सांग की मी अडकलो तर थांबा, माझ्या वतीने बोलू नका. या एका वाक्याने सगळा क्लास बदलला. त्या पण मग मनापासून लागल्या, एकच गोष्ट तीनदा सांगायला लावायच्या, आधी ४ मिनिटांत, मग ३, मग २. विषय साधेच, काल ऑफिसात काय झालं, सासूबाईंच्या बागेतले काकी कसे उतरवले (काकी म्हणजे ते केशरी फळ). तिसऱ्यांदा सांगताना शब्द शोधावेच लागत नाहीत, आपोआप येतात, आणि दोन मिनिटांत संपवायचं म्हणून तो चुकायला घाबरायचं विसरून जायचा.

मला यात एक गोष्ट फार जवळून कळली कारण आपली मराठी पण तशीच आहे. "मी शुक्रवारी माल पाठवू शकणार" इथपर्यंत बोलून समोरच्याचं तोंड बघता येतं आणि मग ठरवता येतं की "नाही" म्हणायचं की नाही. जपानीत पण अगदी तसंच, नकार सगळ्यात शेवटी. इंग्रजीत तो दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच सांगून टाकावा लागतो आणि जपानी माणसाला तेच जड जातं. मग तो नकाराच्या जागी "इट इज डिफिकल्ट" म्हणतो. इथे "अवघड आहे" म्हणजे नाहीच, आपण "बघू" म्हणतो ना तसं, पण चाकणच्या मंडळींनी त्याचा अर्थ अवघड आहे पण करतील असा घेतला आणि दोन आठवडे वाट बघितली. दुसरं म्हणजे "यू डोंट हॅव एनी क्वेश्चन्स?" ला हा "यस" म्हणायचा. आपण पण म्हणतोच की, "काही प्रश्न नाहीत ना?" "हो, नाहीत." बाई प्रश्नाची वाट बघत बसायच्या आणि हा क्लास संपायची.

उच्चारांवर त्यांनी फार छान काम करून घेतलं. व्हॉल्व्हसाठी कॅमेऱ्याजवळ येऊन खालचा ओठ वरच्या दातांखाली धरून दाखवला आणि म्हणाल्या आवाज नको, आधी नुसती हवा सोडा. महिनाभर हा दाढी करताना आरशासमोर तेच करत होता. शेवटचा "उ" कापायला त्याहून वेळ लागला, कारण जपानीत "न" सोडला तर शब्द व्यंजनावर संपतच नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी, हे शिक्षक चूक सांगत नाहीत, काही बोललं तरी "व्हेरी गुड". तुम्ही स्वतः मागितलं नाही तर वर्षभर गुळगुळीत चुकीचं बोलत राहाल. आम्ही रोज फक्त तीन चुका लिहून द्या असं ठरवून घेतलं. दुसरं, चांगल्या शिक्षकांचे सकाळचे स्लॉट उघडल्या उघडल्या जातात, अलार्म लावून बुक करावं लागतं. तिकडे वादळ आलं की नेट जातं, त्याचा तास परत मिळतो पण मागावा लागतो. आणि ॲपमधलं ते लेव्हल टेस्ट वगैरे सोडून द्या, काही अर्थ नाही.

कोणासाठी चांगला? ज्याचं व्याकरण आणि शब्द आहेत पण तोंड उघडत नाही त्याच्यासाठी डोळे झाकून घ्या. माझ्या सासूबाईंनी पण करून बघितला, त्यांना सुरुवातीपासून शिकायचं होतं, त्यांच्यासाठी नाही चालला, त्यांना रेडिओवरचा १५ मिनिटांचा इंग्रजीचा कार्यक्रम आणि त्याचं मासिक पुस्तकच बरं वाटतं.

मागच्या महिन्यातल्या कॉलला मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. "नो, वी कॅनॉट शिप ऑन फ्रायडे. ट्यूजडे इज पॉसिबल." एवढंच, वही नाही काही नाही, आणि नंतर तिकडचे कोणीतरी काहीतरी बोलले आणि हा मोठ्याने हसला. मी हातातलं काम ठेवून तशीच उभी राहिले.

पुढच्या महिन्यात तो सहा आठवडे चाकणला चाललाय. बाई रात्री दहापर्यंतच शिकवतात, म्हणजे आपल्याकडचे साडेसात, म्हणून सातचा स्लॉट आत्ताच बुक करून टाकलाय.