ड्युटी लिस्ट लावणारं ॲप: डे ठीक, नाइट कच्ची

पंचवीस तारीख उलटली की मेट्रनच्या, म्हणजे रुग्णालयातल्या मुख्य सिस्टरच्या, टेबलावर फूटपट्टी, पेन्सिल आणि खोडरबर येतं. ४० सिस्टरांची महिन्याची लिस्ट म्हणजे बाराशेच्या आसपास चौकोन, आणि एक डे ऑफ हलवला की त्याच्यामागे चार ड्युट्या हलतात. हे काम मोबाइलवर आणणारं एक ॲप मुंबईतल्या शंभरेक खाटांच्या खाजगी रुग्णालयांना विकलं जातं. नाव देत नाही, कारण खालच्या खोडी त्या एकट्याच्या नाहीत. लिस्ट लावायला ॲप चांगलं आहे. लावलेली लिस्ट प्रत्यक्षात कशी पार पडली, हे नोंदवायला कच्चं आहे. पगार मात्र त्या नोंदीवरच निघतो.

आधी जमेची बाजू. नियम नीट भरले (सलग किती नाइट, नाइटनंतर किती तास मोकळे, वॉर्डात किमान किती जणी) तर ‘ऑटो’ दाबल्यावर महिन्याचा कच्चा आराखडा काही मिनिटांत समोर येतो. तो जसाच्या तसा लावू नये. ‘आयसीयूत किमान २ सिस्टर’ एवढाच नियम दिला, तर ॲप दोन्ही नव्या मुली एकाच रात्री आयसीयूत टाकून मोकळं होतं, कारण कौशल्याच्या रकान्यात अनुभव मोजला जात नाही. उपाय सोपा आहे: ‘आयसीयू नवी’ आणि ‘आयसीयू जुनी’ असे दोन वेगळे टॅग करावेत आणि प्रत्येक शिफ्टला जुनी किमान एक, असा नियम घालावा. सिस्टर व्हेंटिलेटर एकटीने सांभाळू शकते का, हे वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरलाच माहीत असतं, त्यामुळे टॅग तिच्याकडून भरून घ्यावेत, एचआरकडून नाही.

आता नाइट. इथल्या बऱ्याच रुग्णालयांत शिफ्ट ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा चालतात. ॲपमध्ये मात्र मुळात तीन शिफ्ट, प्रत्येकी ८ तासांच्या, भरून येतात. त्या बदलायच्या राहिल्या तरी चूक लगेच दिसत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. आठवड्यात २ नाइट आणि ४ डे (सकाळ किंवा दुपार) पडल्या, तर दोन्ही हिशेबांनी ४८ तासच येतात. ३ नाइट आणि ३ डे झाल्या की खरे तास ५४ होतात. ॲप ४८वरच अडून बसतं.

दुसरी चूक हजेरीची. शनिवारी रात्री ७.५०ला इन आणि रविवारी सकाळी ८.२०ला आउट पंच झालं, की ॲप तारीख बदलल्याचं पाहून दोन्ही दिवशी ‘एकच पंच’ म्हणून अर्धा दिवस लावतं. दिवसाची सीमा मध्यरात्रीऐवजी दुपारी १२ला नेण्याचा सल्ला सपोर्टवाले देतात. तो घेऊ नका: नाइट सुधारते, पण सकाळी ७.४५ला आलेल्या सिस्टरचा इन पंच आदल्या दिवसावर जाऊन बसतो. सेटिंगमध्ये ‘शिफ्टनुसार पंच’ असतं, ते चालू करून नाइटसाठी इन ७ ते ९ आणि आउट सकाळी ७ ते १२ अशी खिडकी द्यावी. यात एक अट पाळावी लागते. दोघींनी ड्युटी बदलली असेल, तर इनचार्जची मंजुरी ड्युटी सुरू व्हायच्या आधी पडायला हवी. नाहीतर पंच ‘शिफ्टबाहेर’ म्हणून नाकारला जातो आणि नाइट अलाउन्स जिने नाइट केलीच नाही तिच्या नावावर चढतो. ग्रेस, म्हणजे ड्युटीच्या वेळेपुढची जी मिनिटं ॲप मोजत नाही ती, ३० मिनिटांचा ठेवला तर ओव्हर देण्यातला (पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवण्यातला) अर्धा तास रोज गिळला जातो. २६ ड्युट्यांचे १३ तास. ग्रेस १० मिनिटांवर आणावा.

हे ॲप बनवणाऱ्यांनी मुंबईचा पावसाळा पाहिलेला दिसत नाही. सायन-कुर्ल्यात रुळांवर पाणी आलं की डोंबिवली-कल्याणची सकाळची शिफ्ट अकराला पोचते, आणि तोवर नाइटच्याच सिस्टर उभ्या असतात. ॲपमध्ये एका ड्युटीची कमाल मर्यादा १२ तास, म्हणजे नाइट आधीच काठोकाठ. पुढचे तीन तास कुठेच चढत नाहीत. ही मर्यादा फक्त कंपनीच्या बाजूने बदलता येते, तेव्हा करार करतानाच ती १८ करून घ्यावी. रविवारच्या मेगाब्लॉकचं (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्याचं) त्या मानाने सोपं आहे: तो आधी जाहीर होतो आणि साधारण दुपारची शिफ्ट निघायच्या वेळेलाच असतो. सिस्टरच्या माहितीत ‘लाइन’ असा रकाना वाढवून घेतला (मध्य, हार्बर, पश्चिम), तर त्या रविवारी दुपारला वेगळ्या लाइनवरची माणसं लावता येतात.

रजेच्या अर्जांना ‘जो आधी त्याला’ हा नियम आहे. गणपतीच्या रजेची खिडकी सकाळी ९ला उघडते, तेव्हा रात्रभर जागलेली सिस्टर घरी जायच्या गाडीत डुलक्या घेत असते. खिडकी आठवडाभर उघडी ठेवून गेल्या वर्षी कोणाला मिळाली नव्हती ते पाहून रजा द्यावी. पण गेल्या वर्षीची यादी हाताने चढवावी लागते.

मराठी भाषा निवडता येते. निवडू नये. ‘ऑफ’चं भाषांतर ‘बंद’ केलंय, त्यामुळे लिस्टमध्ये सिस्टर बंद आहेत असं वाचायला मिळतं. ‘लीव्ह’ला ‘सोडा’ म्हटलंय, ते तर थेट राजीनाम्यावरच जातं.

‘शॉर्टेज’ हा कमी पडणाऱ्या सिस्टरांचा अहवाल मात्र पैसे वसूल करून देतो. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला ८,७६० तास लागतात. आठवड्याला ४८ तास काम करणारी सिस्टर, ३० दिवस रजा धरून, साधारण २,२५० तास देते. म्हणजे एका जागेमागे जवळपास ४ सिस्टर. व्यवस्थापन ३ धरतं आणि उरलेली चौथी डबल ड्युट्यांमधून काढतं. किती माणसं लागतात ते ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषातही सुट्ट्या-रजांसाठी ४५ टक्के जागा वाढीव धरलेल्या आहेत. हा अहवाल वॉर्डनिहाय छापून ट्रस्टींसमोर ठेवता येतो. मावश्या आणि मामा (आया आणि वॉर्डबॉय) कंत्राटदाराच्या मस्टरवर असल्याने त्यात येत नाहीत, ही मोठी उणीव आहे. मावशी नसली की बेडपॅनपासून चादरीपर्यंतचं काम सिस्टरच्याच अंगावर येतं.

दर माणशी महिन्याला आकारला जातो. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आपणहून बंद होत नाहीत, बिल मात्र त्यांचंही येतं. दर महिन्याच्या १ तारखेला यादी तपासावी. डेमो बघताना विक्रेत्याला एकच उदाहरण द्या: शनिवारची नाइट, ऐनवेळी बदललेली, रविवारी सकाळी ११ला सुटलेली. त्याचा पगाराचा तक्ता त्याच्याकडून तिथेच काढून घ्या. आणि प्रिंट ए-३वर, कारण ए-४वर शेवटचे चार दिवस कापले जातात.