दोन डॅश की टिंब-तिरकी रेघ?

पिंपळगावच्या बागेतल्या फवारणीच्या नोंदी भाचीने नाशिकला घरच्या लिनक्सवर उतरवल्या, तर निम्म्या फायलींच्या नावापुढे डॅश! तो डॅश काढायला फाईलचं नाव बदलणारी एमव्ही (mv) आज्ञा दिली, तर ती ‘-फवारणी’ हे नाव न समजता पर्याय, म्हणजे आज्ञेला दिलेली सूचना समजते आणि चूक दाखवते. “मामा, -- वापरू की ./?” अवतरणचिन्हं तिने लावून पाहिली होती, पण शेल, म्हणजे टाईप केलेली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, ती काढूनच नाव पुढे देतं.

कष्ट जवळपास सारखेच: ‘एमव्ही -- -फवारणी फवारणी’ किंवा ‘एमव्ही ./-फवारणी फवारणी’. -- एकदाच लिहायचं, ./ डॅशवाल्या प्रत्येक नावापुढे.

खरा फरक कुठे काय चालतं यात आहे. -- म्हणजे ‘इथे पर्याय संपले’. पॉझिक्स या युनिक्स-लिनक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या नियमांत ते आहे. एमव्ही, सीपी (cp, नक्कल करणारी), आरएम (rm, पुसणारी) या आज्ञा ते पाळतात. पण कुणीतरी घरगुती लिहिलेली स्क्रिप्ट पाळेलच असं नाही. ./ म्हणजे चालू फोल्डरचा पत्ता. नाव टिंबाने सुरू झालं की कुठलाच प्रोग्रॅम त्याला पर्याय समजत नाही. नावापुढे # असेल तर बॅश (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) पुढचं सगळं टिप्पणी मानून सोडतं. तिथे -- कामाचं नाही, ./ मात्र निभावतं.

ढीगभर फायलींसाठी मला ./-* (डॅशने सुरू होणारी सगळी नावं) च भरवशाचं वाटतं. दोन्हींत एमव्हीला -एन (-n) हा पर्याय जरूर लावा, म्हणजे त्याच नावाची जुनी फाईल पुसली जात नाही; फक्त -- वापरत असाल तर -एन त्याच्या आधी लिहा.

एखाददुसरी फाईल, ओळखीची आज्ञा असेल तर -- पुरे. स्क्रिप्ट किंवा # वाली नावं असतील तर ./ घ्या. भाचीला मी तेच दिलं.