फाइनवेर्कबाउ ६५ – दोन वर्षं वापरल्यावर सविस्तर रिव्ह्यू

दोन वर्षं झाली हे पिस्तूल रोज हातात आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीचं मॉडेल ६५, १० मीटरचं एअर पिस्तूल, स्प्रिंगवालं, बाजूची लिव्हर ओढून कॉक करायचं, म्हणजे स्प्रिंग दाबून शॉटसाठी तयार करायचं. १९६५ ला आलं म्हणून ६५. मी सेकंडहँड घेतलं आणि ते वयाने माझ्यापेक्षा मोठं आहे. रेंजवर बाकी सगळ्यांकडे दाबलेल्या हवेच्या सिलेंडरवाली नवीन पिस्तुलं, आणि मी प्रत्येक शॉटला लिव्हर ओढतोय, त्यामुळे "हे कशाला घेतलंस" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की एकदाच नीट उत्तर लिहून ठेवतो.

आधी हे पिस्तूल करतं काय ते सांगतो, कारण त्यातच सगळी गंमत आहे. साध्या स्प्रिंग पिस्तुलात ट्रिगर सुटला की आतला पिस्टन जोरात पुढे धावतो, म्हणून पिस्तूल आधी मागे ढकललं जातं आणि मग पिस्टन पुढे आपटला की पुढे हिसका बसतो, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. म्हणजे नेम बरोबर असूनही छर्रा भलतीकडे. फाइनवेर्कबाउवाल्यांनी काय केलं, तर नळी आणि पिस्टन ज्यात धावतो तो सिलेंडर, असा वरचा सगळा भाग रुळांवर बसवला, ट्रिगर सुटताना तो मोकळा होतो आणि रुळांवरून जरासा मागे सरकतो, आणि ग्रिपचा भाग तुमच्या हातात जागच्या जागी राहतो. हाताला फक्त एक मऊ ठप्प जाणवतं. पहिल्यांदा उडवलं तेव्हा मला वाटलं शॉट गेलाच नाही, टार्गेट ओढून बघितलं तर नऊ पॉइंटच्या वर्तुळात भोक. परत कॉक करताना वरचा भाग आपोआप पुढे जागेवर येतो. ना बॅटरी, ना गॅस, ना प्रेशर, निव्वळ बारीक यंत्रकाम, आणि जर्मनमध्ये फाइनवेर्क म्हणजे तेच. कंपनी काढणारे दोघं, कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबुर्गर, आधी माउझर या बंदुकांच्या कंपनीत होते, गाव ओबर्नडॉर्फ. बंदुकांच्या गावातल्या माणसांनी केलेलं काम आहे हे लिव्हर ओढतानाच कळतं, कुठे खडखड नाही.

आता थोडं मागे जातो, कारण हे पिस्तूल कुठल्या रांगेत उभं आहे ते कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये जॉन आणि समनर पेन हे अमेरिकन भाऊ उतरले, बरोबर कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हर होती, दोघांनी एकेक इव्हेंट जिंकली. तेव्हा खास टार्गेटचं पिस्तूल अशी वेगळी जात आजच्यासारखी नव्हतीच, जे चांगलं हत्यार हाताशी तेच घेऊन लोक उभे राहायचे. १९२० मध्ये अँटवर्पला ब्राझीलच्या टीमचं सामान वाटेत चोरीला गेलं, अमेरिकन टीमने त्यांना कोल्ट पिस्तुलं आणि काडतुसं दिली आणि गिलेर्मी पाराएन्सी त्याच उसन्या पिस्तुलावर गोल्ड घेऊन गेला. ही गोष्ट मला फार आवडते. पण यावरून कुणी "पिस्तुलाने काय फरक पडतो" म्हणाला तर मला पटत नाही, कारण त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत नुसत्या पिस्तुलात जे बदल झाले त्यांनी स्कोअरच बदलून टाकले.

१९३६ ला वॉल्थरने बर्लिन ऑलिम्पिकसाठी ऑलिम्पिया नावाचं पिस्तूल काढलं, रॅपिड फायरसाठी, म्हणजे काही सेकंदांत भराभर शॉट मारायच्या इव्हेंटसाठी, आणि युद्धानंतर तेच डिझाइन हॅमर्लीने स्वित्झर्लंडमध्ये पुढे नेलं. १९५० च्या दशकात रशियन लोकांनी तर पिस्तूल उलटं केलं, एमटीएस-३ म्हणून, त्यात नळी हाताच्या रेषेत इतकी खाली आणली की उडवल्यावर तोंड वर उचललंच जाऊ नये. ते बघून नियम करणाऱ्यांनी लगाम घातला, आणि पिस्तूल ठरलेल्या मापाच्या डब्यात बसलंच पाहिजे हा नियम आला. आजही मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला पिस्तूल डब्यात घालून बघतात, एअर पिस्तुलाला ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर. माझं ६५ त्यात आरामात बसतं आणि दीड किलोच्या मर्यादेतही आहे.

फ्री पिस्तूल ही माझी सगळ्यात लाडकी भानगड. ५० मीटर, दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर, ट्रिगरला वजनाची अटच नाही, नुसतं बोट टेकलं की सुटेल इतका हलका ठेवता येतो आणि लाकडी ग्रिप हाताभोवती हातमोज्यासारखी गुंडाळलेली. यात रशियाचं टोझ-३५ म्हणजे दंतकथा. खायदुरोव्ह या डिझायनरने एक-एक गोळी भरायचं, नळी हाताला अगदी चिकटून असलेलं असं केलं. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये अलेक्झांडर मेलेंत्येव्हने ६०० पैकी ५८१ मारले आणि तो रेकॉर्ड ३४ वर्षं टिकला. २०१४ मध्ये ग्रानाडाला कोरियाच्या जिन जोंग-ओने ५८३ केले तेव्हा मोडला. चौतीस वर्षं! रिओनंतर ती इव्हेंट ऑलिम्पिकमधून गेली याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच जिनसाठी मोरिनी या पिस्तुलांच्या कंपनीने रिओला खास लाल रंगाचं पिस्तूल करून दिलं होतं, ते आठवत असेल बऱ्याच जणांना.

आता एअर पिस्तूल. १९७० मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला ही इव्हेंट आली आणि १९८८ ला सोलमध्ये ऑलिम्पिकला, तिथे पुरुषांत बल्गेरियाचा तान्यू किर्याकोव्ह आणि महिलांत युगोस्लाव्हियाची यास्ना शेकारिच. माझं ६५ या काळाच्या सुरुवातीचं. त्यानंतर एकाच स्ट्रोकमध्ये हवा दाबून भरायची पिस्तुलं आली, मग सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवाली आली, पण सीओटूचं प्रेशर तापमानाबरोबर वरखाली होतं म्हणून उन्हाळ्यात एक आणि थंडीत एक असा अनुभव, आणि शेवटी सिलेंडरमध्ये २०० बार इतक्या दाबाने भरलेली कॉम्प्रेस्ड हवा आली ती आजपर्यंत. मोरिनी सीएम १६२ इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घेऊन आलं, स्टेयर एलपी १० मध्ये आत एक छोटं वजन उलट दिशेला सरकतं आणि उरलासुरला धक्काही खाऊन टाकतं. नीट बघितलं तर हे वजन म्हणजे ६५ च्या रुळांचीच नात. एकाने अख्खी नळी सरकवली, दुसऱ्याने चिमूटभर धातू.

दोन्ही नवीन पिस्तुलं मी रेंजवर वापरून बघितलीत. मोरिनीचा ट्रिगर म्हणजे काचेची काडी तुटावी तसा, कुठे ओढ नाही, घासणं नाही. माझ्या ६५ चा ट्रिगर त्याच्याइतका कोरा नाही, पण वाईट मुळीच नाही, दोन टप्प्यांचा आहे, पहिला टप्पा घेतला की भिंत लागते आणि मग ठरवून दाबायचं. वर एक खटका आहे ज्याने ट्रिगर ५०० ग्रॅमवरून १३६० ग्रॅमवर जातो, सेंटरफायर, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाच्या जड ट्रिगरची सवय राहावी म्हणून. मी आठवड्यातून एक दिवस १३६० वर मारतो आणि त्या दिवशी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो, पण दुसऱ्या दिवशी ५०० इतका सोपा वाटतो की बोट आपोआप सरळ मागे येतं. हा खटका मला आजच्या पिस्तुलांत खरंच हवाय.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे घेतलं. स्प्रिंग पिस्तुलात ट्रिगर सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत वेळ जास्त जातो, कारण आधी पिस्टन धावणार, मग हवा दाबली जाणार, मग छर्रा निघणार. तेवढ्या वेळात तुम्ही मनगट सोडलं, डोळा टार्गेटकडे पळवला, हात खाली आणायची घाई केली, की ते सगळं कागदावर उमटतं. नवीन पिस्तूल ते झाकून घेतं, हे घेत नाही. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "अरे, शॉट गेल्यावर तीन आकडे मोज आणि तोपर्यंत फ्रंट साइटवरून (नळीच्या टोकावरच्या माशीवरून) नजर हलवू नकोस." मी मोजायला लागलो आणि दोन महिन्यांत सातातले फ्लायर, म्हणजे बाकीच्यांपासून भरकटलेले शॉट, जवळजवळ बंद झाले. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, काळा भाग ५९.५ मिलिमीटर, आणि आपण नेम धरतो काळ्याच्या खालच्या पांढऱ्यात, तिथे हात हलणारच, सगळ्यांचा हलतो. हलणं थांबवायचं नसतं, हलत असताना ट्रिगर न झटकता सोडायचा असतो, आणि हे मला या जुन्या यंत्राने शिकवलं. सोव्हिएत नेमबाज सर्गेई पिझ्यानोव्हने १९८९ मध्ये एअर पिस्तुलात ६०० पैकी ५९३ मारले, म्हणजे साठ शॉटमध्ये फक्त सात पॉइंट गेले, आणि ते वीस वर्षं कुणाला जमलं नाही, २००९ ला जिनने ५९४ केले. १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये चीनच्या वांग यीफूचं गोल्ड ०.१ पॉइंटने गेलं. या आकड्यांकडे बघितलं की फॉलो थ्रूला, म्हणजे शॉट सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवण्याला, लोक इतकं का जपतात ते कळतं.

ग्रिपबद्दल वेगळं बोलावंच लागेल. पिस्तूल नेमबाजीत निम्मी लढाई ग्रिपची. हंगेरीच्या कारोय ताकाचचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेडने गेला, तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकला रॅपिड फायरचं गोल्ड घेतलं. नुसती जिद्द म्हणून लोक ही गोष्ट सांगतात, मी ती ऐकतो तेव्हा दुसऱ्या हाताला ग्रिप, खांदा, पाय, सगळं पहिल्यापासून बसवायला काय लागलं असेल याचाच विचार येतो. माझ्या ६५ ची अक्रोडाची ग्रिप आधीच्या मालकाने कानशीने घासून स्वतःच्या हाताला बसवलेली होती, त्याचा तळवा रुंद असावा, माझ्या हातात ती फिरायची आणि शॉट सारखे डावीकडे खाली. मी लाकडाची लांबी (पुटी) भरून, दर आठवड्याला थोडं घासून, पुन्हा मारून बघून, साधारण चार महिन्यांत ती जमवली. आता डोळे मिटून पिस्तूल उचललं आणि डोळे उघडले तर फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध असते. ग्रिप अशी बसली नाही तोपर्यंत पिस्तुलाबद्दल मत बनवू नका, हे कळकळीने सांगतो.

त्रास काय झाला तेही लिहितो. ज्याच्याकडून घेतलं त्याने पिस्टनचं सील, म्हणजे हवा निसटू न देणारा वॉशर, नवीन आहे असं सांगितलं, प्रत्यक्षात जुनं होतं, वयाने ठिसूळ झालेलं. महिनाभरात छर्रे खाली पडायला लागले, ओळखीच्या एका मेकॅनिकने उघडल्यावर आत भुगा निघाला. नवीन सील बसवल्यावर परत तोच जोर. इतक्या जुन्या पिस्तुलात सील बदलावं लागणार हे गृहीत धरूनच घ्यावं, माझा राग खोटं बोलण्यावर आहे.

दुसरं, साठ शॉट ७५ मिनिटांत, प्लस सराव, म्हणजे लिव्हर शंभरएक वेळा ओढायची. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा बोलायला लागतो आणि प्रत्येक वेळी ग्रिपमधला हात थोडा हलतो, तो परत बसवायचा. नवीन पिस्तुलात हा प्रश्नच नाही, आणि ड्राय प्रॅक्टिससाठीही, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावासाठीही, ती जास्त सोयीची. म्हणून मोठ्या मॅचला उतरणार असाल तर हे घेऊ नका, स्पष्ट सांगतो. उलट बाजूने, सिलेंडर भरायची कटकट नाही, सिलेंडरची दहा वर्षांची मुदत संपायची भीती नाही, बॅटरी नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ झाले आणि फायनल दोन पॉइंटने हुकली. ते बघताना पोटात खड्डा पडला होता. पॅरिसला तिने दोन ब्राँझ घेतली तेव्हा कुठे मन भरलं. यंत्र कुठलंही बंद पडू शकतं, पण ६५ मध्ये बंद पडण्यासारख्या गोष्टीच कमी आहेत.

तर कुणी घ्यावं? ज्याला वर्षभर पाया पक्का करायचाय, किंवा घरी एकट्याने सराव करायचाय, त्याने चांगल्या अवस्थेतलं मिळालं तर डोळे झाकून घ्यावं. घेताना लिव्हर पूर्ण ओढून बघा, आवाज गुळगुळीत आला पाहिजे. ट्रिगरचा खटका दोन्हीकडे करून वजन लावून तपासा. वरचा भाग शॉटला मागे सरकतोय का ते नीट बघा, अडकत असेल तर रुळांवर वाळलेलं तेल असू शकतं. आणि निदान दहा शॉट कागदावर मारल्याशिवाय पैसे देऊ नका, सील कसं आहे ते तिथेच कळेल.