‘रद्द झाल्यास’ पैसे परत

२०२३ च्या ऑगस्टची गोष्ट. अधिक श्रावण संपत आला होता, १६ तारखेला अमावास्या होती आणि ययाती तारकासमूहातून येताना दिसणाऱ्या उल्कावर्षावाची १२-१३ ऑगस्टची रात्र नेमकी शनिवारी आली होती. चंद्राचा अडथळा नाही, दुसऱ्या दिवशी रविवार. ‘असा योग दरवर्षी येत नाही’ हे उल्का बघायच्या कॅम्पच्या जाहिरातीतलं वाक्य अगदी खरं होतं. बाकीच्या वाक्यांबद्दल लिहायला बसलोय.

भंडारदऱ्याला पाण्याच्या काठी तंबू, तासाला शंभर उल्का, मोठ्या दुर्बिणीतून शनीची कडी. माणशी २,४०० रुपये. मी, बायको, नववीतली मुलगी आणि आमचे बाबा. ९,६०० रुपये यूपीआयने पाठवले, तेही कुणा एका माणसाच्या खात्यावर. पावती मागितली नाही. पावसाचं मात्र विचारलं होतं बरं का! आयोजकाचं उत्तर तयारच होतं : “सर, यंदा पावसानं ओढ दिलीय, बातम्या बघा ना.”

बातम्या खोट्या नव्हत्या. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पण पाऊस नाही म्हणजे आभाळ मोकळं असं घाटमाथ्यावर होत नाही. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते, वर चढते आणि ढग डोंगराला टेकून बसतात. पाण्याचा टिपूस नसला तरी कळसूबाई दिवसदिवस दिसत नाही. एवढं मला डोंबिवलीत बसूनही सुचायला हवं होतं.

गुरुवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपग्रहाचं चित्र आलं. घाटावर सगळं काळंभोर, खाली ‘क्लिअर स्काय!!’. आम्ही खूश. नंतर एका जुन्या आकाशनिरीक्षकाने ते चित्र बघून कपाळावर हात मारला. ते अवरक्त चित्र होतं, म्हणजे उजेडाऐवजी उष्णता टिपणारं. त्यात खूप उंचावरचे थंड ढग पांढरे दिसतात. खालचे ढग जवळपास जमिनीइतकेच उबदार असतात, म्हणून जमिनीच्या काळ्या रंगात मिसळून जातात. आणि घाटात बसतात ते हेच. आयोजकाला हे ठाऊक नसेल, असं बायको म्हणते. मला नाही पटत. दिवसा घेतलेलं साधं चित्र, ज्यात हे ढग स्वच्छ दिसले असते, त्यानं एकदाही टाकलं नाही.

शेंडी गावाच्या पुढे गाडीचे दिवे धुक्यात दहा फुटांवर संपत होते. ‘मोठी दुर्बीण’ ७० मिलिमीटरची निघाली, डुगडुगत्या तिपाईवर, वर प्लॅस्टिकचा कागद. (उल्का बघायला दुर्बीण लागतच नाही, उघडं आभाळ लागतं. जाहिरातीत दुर्बीण बघूनच शंका यायला हवी होती.) एक पोरगा मोबाईलवरचं अ‍ॅप ढगाकडे रोखून सांगत होता, “इथं शनी आहे.” मुलीनं विचारलं, शंभर उल्का केव्हा? तर म्हणे, दहा वाजता. ययाती दहाला धड उगवतसुद्धा नाही, खरी मजा मध्यरात्रीनंतर. शंभरचा आकडाही आदर्श आकाशाचा, उल्का जिथून येताना दिसतात तो उगम डोक्यावर असतानाचा. आपल्याकडे ययाती डोक्यावर येत नाही. दहा वाजता स्पीकर लागला, तो एकपर्यंत.

जागेचे मालक, तिथलेच एक काका, चहा देताना बाबांना म्हणाले, “काजव्यांसाठी जूनमध्ये तंबू ठोकले, ते उभेच आहेत. म्हणून आणतात लोकं. चांदणं बघायचं तर दिवाळीनंतर यायचं, बाबा.”

जाहिरातीत लिहिलं होतं : ‘हवामानामुळे कॅम्प रद्द झाल्यास पूर्ण परतावा’. रविवारी त्याची आठवण करून दिली. “सर, कॅम्प रद्द कुठे झाला? तुम्ही आलात, जेवलात, राहिलात.” सगळी मेख त्या एका शब्दात होती. रद्द करायचं की नाही हे तोच ठरवणार, आणि तो कधीच करणार नाही. दुपारपर्यंत मला ग्रुपमधून काढलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पण माझ्याकडे ना पावती, ना पत्ता. पुढे काही हललं नाही.

आता कुठेही जायचं तर आधी लेखी विचारतो : ढग असले तर काय? कोण ठरवणार, आदल्या दिवशी किती वाजता? आणि आगाऊ देतो ते फार तर पाचशे. सरळ माणूस यावर चिडत नाही, उलट ‘शुक्रवारी संध्याकाळी फोन करा’ म्हणतो.

गणपतीत त्या काकांचा फोन आला. बाबांनी नंबर दिला होता त्यांना. मला वाटलं, दिवाळीनंतरचं आमंत्रण.

“साहेब, तो माणूस तुमचा तरी फोन उचलतो का? आमचे जेवणाचे पैसे राहिलेत त्याच्याकडं.”