सेंद्रिय चॉकलेट घ्यावं की साधं? जादा पैसे कुठे वसूल होतात

७० टक्के कोको असलेले दोन डार्क बार घ्या, एक सेंद्रिय, एक साधा. साखर दोन्हींत जवळपास सारखीच, १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या आसपास. उष्मांकही तेवढेच. त्यामुळे वजन किंवा मधुमेहाचा विचार करून दुप्पट-तिप्पट पैसे मोजणार असाल, तर नका मोजू. गुळाचा बार घेतला तरी रक्तातली साखर वाढतेच. शिवाय गूळ हवेतला ओलावा ओढतो, पुण्याच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला बार चिकट होतो.

खरा फरक लागवडीत आणि घटकांत आहे. प्रमाणित सेंद्रिय कोकोला रासायनिक खतं-कीटकनाशकं चालत नाहीत. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचं लेसिथिन (वितळलेलं चॉकलेट सैल ठेवणारा घटक) आणि कृत्रिम व्हॅनिला यांनाही मनाई असते. केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत कोको लावतात. सेंद्रिय बागेतल्या मजुराच्या अंगावर रासायनिक कीटकनाशकाचा फवारा उडत नाही, हा फायदा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅडमियम हा विषारी धातू मात्र मातीतूनच झाडात चढतो, तिथे सेंद्रिय शिक्क्याचा उपयोग नाही.

वेष्टनावर ‘नॅचरल’ छापलं म्हणजे सेंद्रिय नव्हे. सेंद्रिय प्रमाणनाचं सरकारी चिन्ह, जसं ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस-इंडिया’चं, बघा. मग घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहिलेला असतो. डार्क म्हणून विकलेल्या बारमध्ये साखर पहिली दिसली, तर परत ठेवा. ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ दिसलं तर ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी (कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी) वनस्पती तेलाची चरबी. सध्या घरात कंपाउंडच येत असेल, तर आधी कोको बटरच्या साध्या चॉकलेटवर या. चवीत पडणारा हा फरक साधं आणि सेंद्रिय यांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

घरी साच्यातली चॉकलेटं करायची असतील तर गणित बदलतं. पुण्याच्या रविवार पेठेत बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी स्वस्त लादी बहुधा कंपाउंडच असते. वितळवा, ओता, झालं. कोको बटरचं डार्क चॉकलेट, सेंद्रिय असो वा साधं, ४५ ते ५० अंशांवर वितळवून, ढवळत २७-२८ वर उतरवून, पुन्हा ३१-३२ वर आणावं लागतं. नाहीतर पांढरे पट्टे येतात आणि वडी साच्याला धरून बसते. बऱ्याच सेंद्रिय बारमध्ये लेसिथिन अजिबात नसतं, म्हणून वितळल्यावर ते दाट राहतं आणि लेप जाड बसतो. १०० ग्रॅमला ५ ग्रॅम कोको बटर घातलं की सैल होतं. वाफेचा एक थेंब जरी पडला तरी सगळं घट्ट, रवाळ होतं. तेव्हा फेकू नका, थोडं थोडं गरम दूध घालत घोटा, सॉस तयार. महागडा सेंद्रिय बार साच्यात ओतण्यापेक्षा जेवणानंतर दोन तुकडे नुसते खावा, असं आमचं मत.

कोको बटर ३४ अंशांच्या सुमारास वितळतं आणि पुण्याचा एप्रिल सहज ३८ च्या वर जातो. तेव्हा बार हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडू नका. लगेच उघडलात तर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट, खरखरीत थर उरतो. पांढरेपणा बोटाने चोळून गेला तर ती वर आलेली चरबी. दोन्हीही खायला चालतात.