रबाळेची टेस्टिंग लॅब: सीएचएनला पाच स्टार, एनएमआरला कोपरापासून नमस्कार

नाव लिहीत नाही कारण माझी दोन सॅम्पल अजून त्यांच्याकडेच पडलीयत, पण ठाणे-बेलापूर रोडवर रबाळेच्या बाजूला ज्यांनी कुणी सॅम्पल दिलीयत त्यांना बरोबर कळेल.

माझं काम निकेलच्या डायइमाइन कॉम्प्लेक्सवर, म्हणजे दोन नायट्रोजननी निकेलला धरून ठेवणाऱ्या रेणूवर. असिनॅफ्थिनक्विनोनवर दोन अॅनिलीन कंडेन्स करायचे आणि जो लिगँड (निकेलला धरणारा रेणू) येतो तो निकेल ब्रोमाइडच्या डीएमई अॅडक्टबरोबर, हाच निकेलचा सोर्स, डीसीएम नावाच्या सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ढवळत ठेवायचा, एवढंच. १९९५ मध्ये ब्रूकहार्टच्या ग्रुपने दाखवलं होतं की अॅनिलीनच्या दोन्ही ऑर्थो जागा (नायट्रोजनच्या लगतच्या) आयसोप्रोपिलसारख्या दांडग्या गड्यांनी अडवल्या की निकेल इथिलीनची लांबलचक साखळी ओवतो, नाहीतर छोट्या तुकड्यांवरच गाडी थांबते. माझ्यात फरक इतकाच की पॅरा जागेला (नायट्रोजनच्या बरोबर समोर) अल्काइन, म्हणजे कार्बन-कार्बन ट्रिपल बाँड आहे, ट्रायमिथाइलसिलिलची (सिलिकॉनवाली) टोपी घातलेला, म्हणजे पुढे टोपी काढून अझाइडशी क्लिक करून कशावर तरी बांधता येईल. हा अल्काइन सोनोगाशिरा रिअॅक्शनने लावण्यात चार महिने गेले, तो विषय नको.

तर जुलैत, धो धो पाऊस, आणि निकेलचा सोर्स तर दमट हवेत नुसता बघता बघता रंग बदलतो, म्हणून कॉम्प्लेक्सचीही रिस्क नको म्हणून व्हायलला पॅराफिल्म गुंडाळून ती आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सिलिका जेलमध्ये पुरली आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली. डब्यात बाजूच्या काकू म्हणाल्या लिंबाचं का गं. हो म्हटलं, काय सांगणार.

आधी चांगलं सांगते. सीएचएन म्हणजे सॅम्पल जाळून त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती टक्के ते काढणं, त्या मशीनवर जे काका बसतात ना ते सोनं आहेत. व्हायल उजेडात धरून म्हणाले, "कॉफीची पूड आणलीस की काय?" मग विचारलं सिलिकॉन आहे का यात. आहे म्हटल्यावर टिनच्या इवल्याशा कॅप्सूलमध्ये सॅम्पलवर चिमूटभर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड टाकलं, कारण सिलिकॉन असला की जळताना थोडा कार्बन कार्बाइड होऊन मागेच राहतो आणि आकडा कमी येतो. हे मला आमच्या गाइडनेही सांगितलं नव्हतं. तरीही कार्बन आला ५८.५ टक्के, हवा होता ६०.६. माझा चेहराच पडला. काका शांतपणे म्हणाले, "डीसीएममधून काढलेस ना क्रिस्टल? व्हॅक्यूमला किती तास ठेवलेस?" दोन तास. घरी येऊन हिशोब केला तर एका कॉम्प्लेक्समागे अर्धा डीसीएम अडकून राहिलेला धरला की बरोब्बर ५८.५ येतं! रात्रभर पंपावर ठेवून परत नेलं, ६०.३ आलं, म्हणजे ०.४ च्या आत, पेपरला चालतं. दुसऱ्या वेळचे अर्धेच पैसे घेतले, तेही काकांनी काउंटरवर जाऊन सांगितलं म्हणून.

आयआर पण ठीक, म्हणजे इन्फ्रारेडवरून कुठले बाँड आहेत ते दाखवणारी टेस्ट. एटीआरवर (सॅम्पल तसंच क्रिस्टलवर दाबून) करा असं सांगा, केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये दाबलेली) पेलेट पावसाळ्यात पाणी ओढते आणि ३४०० ला डोंगर उभा राहतो. माझा सिएन डबल बाँड १६४० च्या आसपासवरून खाली सरकलेला स्वच्छ दिसला, म्हणजे निकेल बसला, आणि २१५५ ला अल्काइनची बारीक रेघ जिथल्या तिथे. उघडा अल्काइन दिसतो त्या ३३०० ला काही नाही, म्हणजे टोपी शाबूत.

आता एनएमआर, म्हणजे सॅम्पल चुंबकात ठेवून रेणूची रचना पीकवरून दाखवणारी टेस्ट. फॉर्मवर मी ठळक लिहिलं होतं की सॅम्पल पॅरामॅग्नेटिक आहे, पीक शोधायची विंडो वाढवून लावा. टेट्राहेड्रल निकेल टू, दोन इलेक्ट्रॉन सुटे, पीक रुंद होणार आणि कुठच्या कुठे पळणार, हे एमएस्सीच्या पोराला पण माहीत असतं. यांनी लावलं नेहमीचं शून्य ते बारा पीपीएम आणि रिपोर्टवर शेरा मारला, सॅम्पल इम्प्युअर, फ्रेश सॅम्पल पाठवणे. काउंटरवर विचारलं तर मॅडम म्हणतात, "आमच्याकडे सगळ्यांचं असंच लावतात." मग फॉर्मवर रिमार्कचा रकाना कशाला ठेवलाय? पैसे पूर्ण घेतले, परत लावायचे वेगळे. इव्हान्स मेथडसाठी (एनएमआरवरूनच सुटे इलेक्ट्रॉन किती ते काढतात ती) आत घालायची बारीक नळी विचारली तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी वडापाव मागितला.

बाकी पार्किंग आहे, एसी आहे, रिपोर्ट सांगितलेल्या दिवसापेक्षा दोनतीन दिवस उशिराच धरून चाला. लिगँडचा एनएमआर मात्र बिनधास्त द्या, तो साधा आहे, छान आला, सिलिलचा उंच पीक ०.३ च्या जवळ एकदम सुईसारखा. कॉम्प्लेक्सचा दुसरीकडे करा. आणि सीएचएन द्यायच्या आधी फोन करून काका ड्युटीवर आहेत का ते विचारा, त्यांच्या सुट्टीत जो मुलगा बसतो तो व्हायल उघडीच ठेवून चहाला जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय.